निशा खरातचा खटका

चितेगावच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये निशा खरात चौदा वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काम करते. आयटीआयला मशिनिस्टच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "पोरी, शिवणकामाच्या वर्गात अजून जागा आहे." निशानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाकावर बसून राहिली. आता तिच्या हातून गेलेला तुकडा पुन्हा मोजावा लागत नाही असं टूलरूमचे जुने मिस्त्री पुंडलिकमामा सांगतात, आणि पुंडलिकमामा उगाच कुणाला चांगलं म्हणणाऱ्यातले नव्हेत.

नेमबाजी तिच्या वाट्याला उशिरा आली. महिला दिनाला कारखान्यातल्या बायकांना शहरातल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं होतं. बाकीच्या हसत-खिदळत दोन-चार छर्रे उडवून चहाकडं वळल्या. निशानं हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल उचललं, एका हातानं धरलं आणि दहा मीटरवरच्या कागदावर पाचातले चार छर्रे काळ्या गोलात घातले. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. पुढच्या रविवारी स्कूटीवरून एकटीच गेली आणि नाव नोंदवून आली.

पाच वर्षं ती क्लबाच्या जुन्या पिस्तुलावर खेळली. मग स्वतःचं घेतलं, देशी बनावटीचं, कोरं. तिच्या आईनं, केसरबाईनं, पेटी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आणि हळूच विचारलं, "व्हय गं, ह्येनं माणूस तर नाय ना मरत?"

"नाय गं आई. नुसता कागद फाटतो."

पण नवं पिस्तूल हाती आलं आणि निशाचे गुण घसरले. साठातले पन्नास छर्रे जागेवर जायचे, उरलेले दहा कुठंही. नेमबाजाचा सगळा खेळ खटक्यावर असतो. बोट लावल्यावर खटका आधी थोडा सैल येतो, मग एका जागी थांबतो. तिथून दाब असा वाढवत न्यायचा, की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. निशाचा खटका त्या थांबायच्या जागी खरखरायचा. कधी अलगद सुटायचा, कधी अडून बसायचा, आणि तो अडला की नळी हलायची.

क्लबाचे सचिव आप्पासाहेब मागं उभे राहून बघत होते. लासूर स्टेशनकडचे मोठे जमीनदार, रंगवलेल्या मिशा, क्लबात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. ते म्हणाले, "हात हलतोय तुमचा."

"हात नाय हलत, आप्पासाहेब. खटका अडतोय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आप्पासाहेब म्हणाले. दोघं-तिघं हसले.

निशानं पिस्तूल पेटीत ठेवलं. "मग अंगण मोजूनच आणते," म्हणाली.

खटका सुटायला किमान पाचशे ग्रॅम वजन लागलंच पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे. तिनं दोरीला पिशवी बांधली, रिकाम्या पिस्तुलाच्या खटक्याला ती लटकावली आणि वजनं वाढवत गेली. शंभर वेळा तेच केलं आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिला. कधी पाचशे पाचला सुटायचा, कधी सहाशे नव्वदपर्यंत अडून राहायचा. वही बघून तिला राग आला तसं बरंही वाटलं. हात तिचाच खरा होता.

पिस्तुलाच्या कंपनीला फोन केला, तर पलीकडची व्यक्ती म्हणाली, "मॅडम, अशी तक्रार आजवर कुणाचीच आली नाही. पाठवून द्या, दोन महिन्यांत बघू. आणि स्वतः उघडलंत तर वॉरंटी गेली." विभागीय स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती. तिनं फोन ठेवला आणि रविवारी दुपारी पांढरी चादर अंथरून पिस्तूल उघडलं.

भिंगाखाली दोष दिसला. खटका ज्या पकडीला धरून असतो, तिच्या कडेला धातूची बारीक कूस, कापताना उरलेली खरखरीत धार, राहिली होती. निशानं ती दगडावर घासून काढली. खटका लोण्यासारखा झाला. तिला वाटलं, जमलं. मग मोजलं तर वजन चारशे ऐंशीवर आलेलं. शिवाय टेबलावर जरा हात आपटला, तर ते रिकामं पिस्तूल आपोआप सुटलं. त्यात छर्रा असता तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं पुंडलिकमामांना सांगितलं, काही न लपवता. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "घाई केलीस. कूस दिसली म्हणून तीच घासत बसलीस. पकड ज्या खिळीवर फिरते, ती मोजलीस का?"

नव्हती मोजली. मोजली तर खीळ भोकापेक्षा बारीक निघाली. फरक केसाहूनही कमी, पण त्यामुळं पकड डुलायची आणि दर वेळी वेगळ्या जागी बसायची. खरं दुखणं तिथं होतं. टूलरूमच्या साहेबांची परवानगी घेऊन निशानं जेवणाच्या सुट्टीत नवी खीळ घडवली. पहिल्या दोन तिनंच नापास केल्या, तिसरी बसली. अधूनमधून छर्रा नेमापेक्षा खाली का लागतो, तेही शोधलं. हवा अडवणारं रबरी कडं एका जागी चिरलेलं होतं, ते बदललं. मग पुन्हा शंभर वेळा मोजलं. सगळे आकडे पाचशे वीस ते पाचशे तीसच्या आत आले. लाकडी हातोडीनं मुठीवर पन्नास वेळा ठोकलं. एकदाही सुटलं नाही.

ती क्लबात गेली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. आप्पासाहेबांनी दारातच अडवलं. "घरी उघडलेलं पिस्तूल इथं चालणार नाही."

"कोणत्या नियमात?"

"मी सांगतोय ना."

"लिहून द्या, खाली सही करा. तोवर मी बसते."

ती पेटी मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. येणारे-जाणारे बघत होते. एकानं समजावलं, "ताई, कशाला वाकड्यात शिरता?" निशा म्हणाली, "मी सरळच बसलेय." दोन तास झाले. कागद काही आला नाही. शेवटी शिपाई येऊन म्हणाला, "जा आत, चार नंबरची जागा मोकळी हाय."

स्पर्धेच्या दिवशी मात्र आप्पासाहेबांनी शेवटचा डाव टाकला. तपासणीच्या टेबलावर पिस्तुलं मांडली होती, तिथं सगळ्यांदेखत ते पंचांना म्हणाले, "हे जरा नीट बघा. बाईंनी घरात छेडछाड केलेली आहे."

पंच तरुण होत्या, अमृता नावाच्या, बीडहून आलेल्या. त्यांनी निशाकडं बघितलं. "उघडलं होतं?"

"व्हय. उघडलं, दुरुस्त केलं, मोजलं. ही वही. पण वहीवर विश्वास ठेवू नका, तुमचं वजन लावा."

पंचांनी खटक्याला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवलं आणि पिस्तूल हळूहळू उचललं. वजन टेबलावरून सुटून अधांतरी तरंगलं. खटका जागचा हलला नाही. "पास," म्हणून त्या चिठ्ठी चिकटवू लागल्या.

"परत उचला," निशा म्हणाली.

"एकदा पुरे असतं."

"मला पुरे नाय. ह्यांच्यासमोर अजून दोनदा उचला."

पंचांनी उचललं. दोन्ही वेळा वजन तरंगलं. आप्पासाहेब चहा घ्यायला निघून गेले.

त्या दिवशी निशानं सहाशेपैकी पाचशे त्रेपन्न गुण मारले. पदक मिळालं नाही, ती पाचवी आली. पण राज्य स्पर्धेत जायला लागणाऱ्या गुणांपेक्षा आठ जास्त होते. छत्तिसाव्या वर्षी, असं कुणीतरी मागं म्हणालं. तिनं वळून बघितलं नाही.

आठवड्यानं क्लबातल्या श्रेया आणि तनुजा, कॉलेजच्या मुली, तिच्याकडं आल्या. दोघींकडं त्याच कंपनीची पिस्तुलं होती, आणि दोघींना वर्षभर हात हलतो म्हणून ऐकवलेलं होतं. "ताई, आमच्यातली खीळ बदलून द्या ना."

"नाय देणार," निशा म्हणाली. मुलींचे चेहरे पडले. तिनं वही पुढं सरकवली. "आधी शंभर वेळा मोजा, असं लिहा. मग तिघींच्या वह्या कंपनीला पाठवू. मी गुपचूप दुरुस्त करत बसले, तर त्यांच्याकडं कुणाचीच तक्रार नाय असंच राहील."

तिन्ही वह्या गेल्या. उत्तर आलं नाही, दुसरं पत्र गेलं. तिसऱ्या पत्रानंतर एक पाकीट आलं. त्यात माफी वगैरे काही नव्हती. नुसत्या नव्या खिळी होत्या, तीन. निशानं त्या मोजल्या. बरोबर होत्या.

पुढच्या रविवारी आप्पासाहेब चार नंबरच्या मागं येऊन उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "क्लबाची सहा पिस्तुलं पडून आहेत. तुम्ही बघितलीत तर बरं होईल. तसा तुमचा हात चांगला आहे दुरुस्तीत."

निशानं वळून न बघता छर्रा भरला. "दुरुस्तीला नंतर बसू, आप्पासाहेब. आत्ता माझा सराव चाललाय. जरा मागं सरका."

आप्पासाहेब मागं सरकले. तिनं हात उचलला.