चुलीवर झोपलेली सासू

गिंडीच्या बसथांब्यामागे एक आजोबा जुनी पुस्तकं विकायला बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ते चष्मा कपाळावर चढवत, पुस्तक नाकाशी धरत आणि तमिळमध्ये आणलेल्या रशियन गोष्टी मोठ्याने वाचत. मी बसची वाट पाहत लांबून ऐकायची.

एकदा गोष्टीतल्या सुनेने आजारी सासूला चुलीवर झोपवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय दुष्ट बाई!"

आजोबा हसले. "अम्मा, तिथे बाहेर बर्फ असतो. चूल भिंतीएवढी मोठी, तिच्यावर झोपायला ऊबदार जागा. घरातली सगळ्यात चांगली जागा तीच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही त्या सुनेला शिव्या दिल्या होत्या."

मग मी कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. शेवटच्या उन्हाळ्यात मी आईला ओसरीवर झोपवत होते, कारण वारा तिथेच यायचा. ती तिथेच गेली. उटीला राहणारा माझा भाऊ म्हणाला, "आईला घराबाहेर टाकलंस." तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

आजोबांनी पुस्तक मिटलं. "तो गारठ्यात राहतो, अम्मा. त्याला मे महिन्यात बोलाव."

मी बोलावलं. भाऊ आला, रात्रभर आत तळमळला. दुसऱ्या दिवशी त्याने आपणच ओसरीवर अंथरूण घातलं. सकाळी चहा घेताना खाली बघत म्हणाला, "अक्का, आईला इथे झोप लागत असेल."

आजोबांना सांगायला गेले, तर त्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली होती.