कवट्यांचा संच, पाच नग

त्यांनी टेबलावरची तिसरी कवटी उचलली, माझ्या गालाशेजारी धरली आणि मागे उभ्या असलेल्या पालकांना विचारलं, "जुळतंय का हो?"

विज्ञान दिन होता. गंगापूर रोडवरच्या आमच्या शाळेत त्या दिवशी प्रयोगशाळा पालकांसाठी उघडी असते. मी तिथली प्रयोगशाळा सहाय्यक. चोवीस वर्षं झाली. कपाटांच्या चाव्या माझ्याकडे, टेबलं मी मांडते. कवट्या प्लास्टरच्या आहेत. माणसाच्या जुन्यात जुन्या पूर्वजापासून आजच्या माणसापर्यंत पाच. प्रत्येकीखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. कवटी उचलणारे गृहस्थ शाळेच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य. हसतमुख माणूस. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आधी एक जण हसला. मग सगळे.

"रागावू नका हं ताई," ते म्हणाले. "तुमचे असतील बुवा हे पूर्वज. आमचं गोत्र तर ऋषींपासून सुरू होतं."

तुमचे. तो शब्द त्यांनी अगदी अलगद ठेवला. माझं आडनाव माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे. आडनावावरून काय ते त्यांना कळलेलं होतं, आणि ते त्यांना कळलंय हे मला.

मीही हसले. हे लपवणार नाही. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी तो शाळेच्या ग्रुपवर आला. फोटोत कवटी आहे, माझा चेहरा आहे, आणि दोघींचे दात दिसताहेत.

फोटोच्या डाव्या कडेला सर आहेत, मला शाळेत शिकवलेले. तेही हसताहेत.

त्या गृहस्थांचं मला फार काही वाटलं नाही. तशी माणसं मी आयुष्यभर पाहत आले. रात्री जेवण गेलं नाही ते सरांमुळे. ते का, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझं बालपण पिंपळगाव बसवंतचं. आई कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जायची. मी सहावीत असताना एका वर्गमैत्रिणीच्या अंगणात तिच्या आत्यानं आम्हाला माणसं कशी निर्माण झाली ते सांगितलं. शेंगा फोडता फोडता, प्रेमानं सांगितलं. देवाच्या मुखातून कोण झाले, दंडांतून कोण, मांड्यांतून कोण, पायांतून कोण. मी विचारलं, मग आम्ही कशातून झालो? आत्यानं मांडीवरची टरफलं झटकली.

"तुमचं त्यात नाही गं."

पायांतूनही नाही. मी अकरा वर्षांची होते. मुलांच्या मनात अशा गोष्टी किती खोल जातात, हे मोठ्या माणसांना कळत नसावं. घरी येऊन आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तू माझ्या पोटातून झाली. मी तिथंच व्हते, मला ठावं हाय."

मला ते उत्तर पुरलं नाही. आईचं उत्तर फक्त आमच्या खोलीपुरतं वाटलं. आत्याचं सगळ्या जगाचं होतं.

नववीत सर आले. विज्ञान शिकवायचे. तरुण होते, शर्टाला खडूची भुकटी लागलेली असायची. एक दिवस त्यांनी फळ्यावर झाड काढलं. एक बुंधा, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. मासे, बेडूक, पाखरं, वटवाघूळ, माकड, माणूस. मग म्हणाले, आता हात बघा. दंडात एक हाड, पुढे दोन, मनगटात बारकी बारकी पुष्कळ, मग पाच बोटं. वटवाघळाच्या पंखात हाच क्रम, देवमाशाच्या परातही हाच. चाचपून बघा. स्वतःच्या हातात नाही, शेजारच्याच्या.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझी पेन्सिल परत करताना बाकावर वरून टाकायची. हाताला हात लागू नये म्हणून. तिला त्या दिवशी माझा हात धरावा लागला. तिची बोटं गार होती. तिनं दंडापासून मनगटापर्यंत चाचपलं, माझी बोटं मोजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, सारखंच हाय."

तास संपल्यावर मी व्हरांड्यात सरांना गाठलं. विचारलं, त्या झाडावर सगळे म्हणजे आम्हीपण का?

सर म्हणाले, "सगळे. या झाडाला तुमची फांदी, आमची फांदी असं काही नाही."

त्या वाक्यावर मी माझं सगळं उभं केलं. हट्टानं बी.एस्सी. झाले. बी.एड. राहून गेलं, म्हणून शिक्षिका न होता सहाय्यक झाले. लग्न, दोन मुलं, इंदिरानगरचा फ्लॅट, मुलांची शिक्षणं, ते सगळं नंतरचं. नाशिकच्या या शाळेत जागा निघाली तेव्हा शिफारस सरांनीच केली होती. गुरुपौर्णिमेला मी त्यांच्याकडे जायची. एकही वर्ष चुकलं नाही. आता ते निवृत्त आहेत, पण समितीवर शैक्षणिक सल्लागार आहेत.

विज्ञान दिनानंतरच्या सोमवारी मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलं. प्रयोगशाळेची आतली भिंत रिकामी हवी, म्हणाल्या. तिथे सृष्टीच्या उत्पत्तीचे फलक लागणार. मासा, कासव, वराह असे दहा अवतार क्रमानं, आणि वर मथळा: उत्क्रांतीचे मूळ ज्ञान. त्यासाठी तीन वस्तू हलवायच्या. फांद्यांच्या झाडाचा कापडी तक्ता, हाताच्या हाडांचा तक्ता आणि कवट्यांचा संच. आमच्या केंद्रीय बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा धडा काही वर्षांपूर्वी गेला. आता बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यालाच तो भेटतो. आमची शाळा दहावीपर्यंत. तेव्हा हे आपल्याला लागतच नाही, असं मॅडमचं म्हणणं.

मी म्हटलं, कपाटात ठेवते. त्या म्हणाल्या, कपाटात नको, निर्लेखन करा.

निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू शाळेच्या रजिस्टरमधून कायमची कमी करणं. त्या यादीत 'स्थिती' नावाचा रकाना असतो आणि तो मी भरते. वस्तू निकामी असल्याचं मी सही करून सांगितल्याशिवाय ती कमी होत नाही. मी म्हटलं, तिन्ही वस्तू सुस्थितीत आहेत, निकामी कशा लिहू?

मॅडम हसल्या. "मग होऊ द्या ना निकामी. प्लास्टरच आहे. साफसफाईत पडतं माणसाच्या हातून."

त्यांना माझी थोडी दया आली असावी. म्हणाल्या, सरांशी बोला, ही सूचना मुळात त्यांचीच आहे.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर सरांच्या घरी गेले. जाताना कागदावर तीन मुद्दे लिहून नेले होते. बोलताना माझा क्रम चुकतो, म्हणून. पहिला: वस्तू चांगल्या आहेत. दुसरा: अवतारांच्या फलकांना माझी हरकत नाही, गोष्ट म्हणून लावा, वरचा मथळा बदला. तिसरा: आमच्याकडून दहावी होऊन कॉमर्सला जाणारी मुलं हे आयुष्यात पुन्हा कधी पाहणार नाहीत. त्यांना कुणीतरी त्यांची जागा सांगेल आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नसेल.

सरांनी ऐकून घेतलं. गॅलरीत बसलो होतो. त्यांनी गोळ्यांचा डबा उघडला, बंद केला. म्हणाले, दिवस बदललेत, एका विनोदावरून एवढं मनाला लावून घेऊ नये, समितीत सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं.

मी म्हटलं, सर, हे तुम्हीच शिकवलंत.

"पुस्तकात होतं, म्हणून शिकवलं. आता नाही."

मी त्यांना व्हरांड्याची आठवण करून दिली. त्यांना आठवेना. मी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तेव्हा त्यांचा चेहरा मऊ झाला. तो मऊ झाला नसता तर बरं झालं असतं.

"तू रडवेली झाली असशील गं," सर म्हणाले. "तेवढ्यापुरतं म्हटलं असेन. तुम्हा मुलांना तेव्हा धीर द्यावा लागायचा."

तुम्हा मुलांना.

मग म्हणाले, चार वर्षं राहिलीत तुझ्या नोकरीची, वाद कशाला? माझ्यासाठी एवढं कर.

मी हो म्हणाले. सरांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती. खाली येऊन स्कूटरवर बसले आणि किल्ली हातात धरून बराच वेळ तशीच होते. सोसायटीचा वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला विज्ञान समजत होते ते एका भल्या माणसानं माझे डोळे पुसायला दिलेलं फडकं होतं. आता त्याला ते परत हवं होतं.

मंगळवारी पावणेसातला शाळा उघडून घेतली. कापडी तक्ता फाडायला गेले, हात चालला नाही. मग तिसरी कवटी घेतली. माझ्या गालाला लावलेली तीच. हिचं जाणं सोपं, असं मनाशी म्हटलं. बेसिनच्या कडप्प्यावर धरली आणि सोडली.

आवाज फार झाला नाही. जबडा वेगळा झाला, कपाळ दुभंगलं. आतून पांढरीशुभ्र होती. बाहेरून रंग दिलेला, तपकिरी. मी सवयीनं सुपली घेऊन तुकडे गोळा केले, ट्रेमध्ये ठेवले, मोजले. सात. आणि मोजता मोजता रडू फुटलं. कवटीसाठी नाही. त्या गृहस्थांनी माझी थट्टा केली होती. सरांनी दया केली होती. फोडली मात्र मी. माझ्या हातानं, सांगितल्याबरोबर, मुकाट.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. सरांनी ते वाक्य दयेनं म्हटलं असेल. कबूल. पण हाडं दयेनं सारखी झालेली नाहीत. त्या मुलीनं माझ्या हातात जे मोजलं ते सरांच्या मायेनं तिथे आलेलं नव्हतं. सर नसते, तरी ते तिथे होतंच. आत्याची गोष्ट सांगणाऱ्यावर टिकते. कोण सांगतो, कुणाला सांगतो, त्याच्या मनात काय, यावर तिचं सगळं. याचं तसं नाही. सरांनी मागे घेतलं म्हणून ते मागे जात नाही. मी उगाच इतकी वर्षं त्याबद्दल त्यांच्या पाया पडत होते.

उरलेल्या चार कवट्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. दोन्ही तक्ते भिंतीवर जिथे होते तिथेच सरळ केले. मग रजिस्टर काढलं आणि लिहिलं:

कवट्यांचा संच, पाच नग. चार सुस्थितीत. एक मी स्वतः जाणूनबुजून फोडली. सूचना तोंडी, मुख्याध्यापिका व समितीचे शैक्षणिक सल्लागार यांची. तक्ते दोन, सुस्थितीत.

खाली सही केली, तारीख घातली.

मॅडमनी ते दुपारी वाचलं. त्यांचा रंग उतरला. "हे खोडा," म्हणाल्या.

"रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही मॅडम. तुमचंच परिपत्रक आहे."

"तुम्ही स्वतःलाच अडकवलंय, कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. कळूनच लिहिलं होतं. फक्त त्यांची चूक लिहिली असती तर ती तक्रार झाली असती. मला जे घडलं ते लिहायचं होतं, आणि जे घडलं त्यात मी होते.

संध्याकाळी सरांचा फोन आला. माझं नाव कशाला मध्ये आणलंस, म्हणाले. मी सांगितलं, नाव नाही, पद लिहिलंय. मग ते म्हणाले, "मी तुला नोकरी लावली होती."

"हो सर. त्याचे आभार मी चोवीस वर्षं मानले."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर गुरुपौर्णिमा येऊन गेली. मी गेले नाही. त्या दिवशी अंघोळ करताना, डबा भरताना, सिग्नलला थांबले असताना, दर थोड्या वेळानं ते आठवत राहिले. शर्टावर खडू लागलेले, तरुण, फळ्यावर झाड काढणारे. त्या माणसाला मी अजून मानते. तो आता कुठे भेटायचा नाही.

कारणे दाखवा नोटीस माझ्यासमोर आहे. शाळेच्या वस्तूचं हेतुपुरस्सर नुकसान, आणि वरिष्ठांची बदनामी. पहिलं मला मान्य आहे, नवी कवटी आणून देईन असं मी लिहिलंय. दुसरं मान्य नाही. शुक्रवारी समितीसमोर जायचं आहे. माफीनामा तयार आहे, सही केली की प्रकरण मिटेल, असं मॅडमनी दोनदा निरोप पाठवून कळवलं. सोबत निर्लेखनाची नवी यादी आहे. तीत स्थितीचा रकाना टाईप करूनच आला आहे: निकामी.

मी दोन्हीवर सही करणार नाही. वेतनवाढ रोखतील, बदली करतील, घरी बसवतील. बसवू देत. ज्या दिवशी चाव्या मागतील त्या दिवशी मी कपाट उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडीन, चार नग सुस्थितीत, दोन तक्ते सुस्थितीत, असं घेणाऱ्याकडून लिहून घेईन आणि मगच उठेन. त्यानंतर त्यांना फोडायचं असेल तर फोडोत. स्वतःच्या हातानं फोडोत, स्वतःच्या सहीनं. माझा हात त्यांना मिळणार नाही.