डॉक्टरचं बलुतं

आमच्या गावात डॉक्टर ठेवायचा की नाही, यावर पुरुषांनी एक अख्खा उन्हाळा वाद घातला. त्या उन्हाळ्यात मी पोटुशी होते. पहिल्या खेपेला मूल आडवं आलं होतं. सुईणीनं होतं नव्हतं ते सगळं केलं, देवळातलं गंधोदक आणून माझ्या कपाळाला लावलं. मी वाचले, मुलगा वाचला नाही. म्हणून या खेपेला मला डॉक्टर हवा होता. पण सासरी मी भाकरीवर दुसऱ्यांदा तूप मागायलाही लाजत असे. डॉक्टर कुठला मागते?

गाव सदलग्याच्या अलीकडे, जैन शेतकऱ्यांचं. लोकल बोर्डानं कळवलं होतं, औषधांची पेटी आणि अर्धा पगार आम्ही देतो, बाकीचं गावानं घरटी द्यायचं. दर सुगीला दोन पायल्या जोंधळा. कागदावर प्रत्येक घराची सही पाहिजे, एक घर जरी सुटलं तरी डॉक्टर दुसऱ्या गावाला. तोवर डॉक्टर आपल्या आईला घेऊन येऊन राहिले होते, पण ज्यानं धान्य घातलं त्याच्याच घरी ते जाणार होते. आणि आमच्या घरचं धान्य मामंजींच्या हुकमाशिवाय हलत नव्हतं.

मामंजी म्हणजे या वादातले विरोधी पुढारी. सभा बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, कट्ट्यावर भरायची आणि आमचं घर समोरच, त्यामुळे दाराआडून मला सगळं ऐकू यायचं.

"न्हावी डोकी करतो, सुतार नांगर करतो, त्यास्नी बलुतं देतो," मामंजी म्हणायचे. "ह्यो डॉक्टर आमच्यात येऊन करणार काय? आमच्या घरात कोण आजारीच पडत न्हाई, मग ही सक्ती कशापायी?" हे सांगताना ते एका कुल्ल्यावर बसलेले असायचे, कारण मूळव्याधीनं त्यांना दुसऱ्यावर बसवत नव्हतं.

शाळेचे मास्तर डॉक्टरच्या बाजूचे. "आप्पा, आजारी पडल्यावर देतो म्हटलं, तर तोवर त्या माणसानं उपाशी बसायचं का?"

"बसू दे की. उपास केला की पुण्यच लागतंय."

तंबाखूचे एक व्यापारी मामंजींच्या बाजूला. ते म्हणाले, "मी पथ्यानं राहायचं, शेजाऱ्यानं भजी हाणायची, आणि त्याच्या जुलाबाला माझा जोंधळा? ही कुठली रीत?"

"तुमच्या वखारीला आग लागली तर शेजाऱ्यानं घागर आणायची का नाही?" मास्तरांनी विचारलं.

"लागल्यावर बघू."

"आणि ह्यो रात्रीचा डोस देतो म्हणं," मामंजींनी शेवटचा बाण काढला. "दिवस मावळल्यावर आम्ही पाण्याचा थेंब घेत न्हाई. ह्याचं औषध कसं घेणार? दिवसाउजेडी बरा होईल असाच रोग बघून दे म्हणावं." सगळे हसले आणि सभा दुसऱ्या दिवसावर गेली. सभेला कुठलीच घाई नव्हती. मला होती.

एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "चल गं, धुण्याला."

"कालच धुतलं की सगळं, आत्याबाई."

"परत मळलं."

बुट्टी उचलली तर कमरेत वाकले. वर दोन लुगडी, खाली जोंधळा. सासूबाईंनी ती माझ्याकडून काढून स्वतःच्या काखेत घेतली आणि चालू लागल्या. नदीच्या वाटेवर डॉक्टरच्या घराचं मागचं दार होतं. तिथं पोचतोय तर त्याच दारातून तंबाखूवाल्यांची बायको बाहेर येत होती, रिकामी बुट्टी घेऊन.

"धुणं लई जड दिसतंय," ती म्हणाली.

"घोंगडी हाय," सासूबाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यात?"

"तुझी घोंगडी कुठं गेली?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की मला बुट्टी धरावी लागली. आत डॉक्टरची आई कपाळाला हात लावून बसली होती. बिचारी बेळगावची, घरात मोजून दाणे भरायची सवय. "अहो, ठेवू कुठं मी हे? मुलाच्या खाटेखालीसुद्धा जागा राहिली नाही. गावात अजून ठरलं नाही म्हणतात, आणि रोज चार-पाच जणींचं धुणं येतंय."

कट्ट्यावर मात्र वाद चालूच होता.

आषाढात सकाळीच माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण आली, पोट चाचपलं आणि गप्प झाली. तिचं गप्प होणं मला पहिल्या खेपेपासून ठाऊक होतं. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "डॉक्टरला आण. आप्पास्नी विचारत बसू नको." ते पळाले.

डॉक्टर आले ते सोप्यात दाराकडं पाठ करून बसले. तिथूनच सुईणीला विचारायचे, तिथूनच सांगायचे.

"आधी काय लागतंय हाताला?"

"पाय हाय. पायाळू हाय."

"ओढू नका. थांबा."

"चाळीस वर्सं करतोय मी ह्ये. तुम्ही किती बाळंतपणं केलासा?"

"तुमच्याइतकी नाहीत, पण ओढू नका."

थोड्या वेळानं ते म्हणाले, आता मला आत यावंच लागेल. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी लाजेनं पदर ओढून तोंड पुरतं झाकून घेतलं आणि बाकीचं सगळं डॉक्टरच्या हवाली केलं. त्या गडबडीतसुद्धा सुईण म्हणाली, "झाकलं त्येवढं बरं केलंस गं, वळख लागायची न्हाई." मी पदराखाली रडत होते, तिथंच मला हसू फुटलं. डॉक्टर सांगत होते तशी सुईण पोट दाबत होती, त्यांचे हात खाली होते. मुलगी पायांनी आली, निळी. त्यांनी तिला चोळली, उलटी धरली, आणि ती रडली. मी पदर काढला.

बाहेर मामंजी उभे होते. कट्ट्यावरची मंडळीही अंगणात येऊन थांबली होती. मामंजींना फुकटचं नको असायचं. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "आमचं घर तुमच्यात न्हाई. काय हुतंय ते सांगा, आत्ता देतो."

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "तुमचं केव्हाच पोचलंय की. सगळ्या गावाचंच पोचलंय."

अंगण गार पडलं. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला.

"कुणी दिलं?" मामंजी दाराकडं वळून म्हणाले.

"मी," सासूबाई आतून म्हणाल्या. "तुम्ही सक्ती नको म्हणत बसला हुतासा, तवा. आणि नात झाली हाय, ते इचारा आधी."

मामंजींनी नात बघितली. बराच वेळ बघितली. मग कट्ट्यावर जाऊन जाहीर केलं की आपलंच खरं झालं, सक्ती न करता गावानं दिलं. मास्तर म्हणाले, सगळ्यांनी दिलंच आहे तर आता सह्या करा. मामंजी म्हणाले, सही केली की सक्ती झाली. सही नाही केली तर डॉक्टर जाणार, हेही त्यांना दिसत होतं.

शेवटी त्यांनी सही केली, पण तिच्यापुढं "स्वखुशीने" असं लिहून. ते बघून तंबाखूवाले म्हणाले, मग मी काय जुलमानं करतोय? त्यांनीही तेच लिहिलं. मग एकही गडी तो शब्द सोडायला तयार होईना. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या अंगठ्याशेजारी मास्तरांनी तो लिहून दिला. अशा तऱ्हेनं प्रत्येक घरावर सक्ती करणारा तो कागद चिकोडीला बोर्डाच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं तो कसा वाचला असेल देव जाणे, पण डॉक्टर राहिले.

कागद निघण्यापूर्वी, तो शब्द सहीच्या आधी घालायचा की नंतर, यावर ते तीन संध्याकाळी भांडले होते. मी आत मुलीला पाजत होते. पहिल्या दिवशी तिला ओढता येत नव्हतं, तिसऱ्या दिवशी चांगलं ओढायला लागली. हा कागद माझ्या पहिल्या खेपेच्या आधी झाला असता तर, असं माझ्या मनात येत होतं. सासूबाई शेजारी शेगडी घालत होत्या. त्यांच्याही मनात तेच असावं, कारण बाहेर कुणी मोठ्यानं हसलं की त्या शेगडीतला निखारा उगीचच जोरात फुंकायच्या.