ब्रेकताईचे कान आणि बाईंचा हात

लेक दुपारी बाईंचीच गाडी घेऊन बाजारात गेली होती. परत आल्यावर तिने पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "आई, चाकांतून केवढा घूंऽऽ आवाज येतोय! विमानात बसल्यासारखं वाटतं. आणि तू रोज ही गाडी चालवतेस?"

बाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "येतो जरासा. वय झालंय तिचं."

"जरासा? रेडिओ ऐकू येईना मला. विकून टाक आता ही गाडी."

खरी गोष्ट अशी होती, की बाईंना गाडीतला तसला कसलाच आवाज येत नव्हता. कालही आला नव्हता, परवाही नाही. त्यांनी मेथीची काडी निवडलेल्या पानांतच टाकली. गाडीचं काय व्हायचं ते होईल, पण आपल्या कानांचं काय झालं?

बाई म्हणजे ड्रायव्हिंगच्या बाई. त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ज्या काळात एखादी स्त्री गाडी चालवताना दिसली की लोक फुटपाथवर थांबून बघायचे, त्या काळात त्यांनी फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. शिक्षिका, नर्स, दुकानदारिणी, नव्या नवऱ्या, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्या वेळची शेवटची गाडी अजून घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेजारच्या सीटसमोरचा, शिकवणाऱ्याच्या पायाखालचा जादा ब्रेक त्यांनी कधी काढला नाही.

बाईंचे यजमान बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दर रविवारी सकाळी ते गाडी तपासायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मग ते बाईंना बोलवायचे, "आता तू ऐक. काय म्हणते?" बाई ऐकायच्या, काहीतरी सांगायच्या, बहुतेक वेळा चुकायच्या, आणि दोघं हसायचे. पुढे पुढे बाई चुकेनाशा झाल्या. नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या, की चौथ्या गल्लीतल्या मास्तरणीने पुन्हा अर्ध्या क्लचवर गाडी चालवली. यजमान गेल्यावर घरात तसं ऐकायला लावणारं कोणी उरलं नाही.

लेक संध्याकाळी आपल्या घरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पलीकडच्या इमारतीत फोन लावला. तिथे ब्रेकताई राहायची. ही दवाखान्यातली निवृत्त नर्स, बाईंची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. शिकताना कुत्रं दिसलं की ब्रेक, सायकल दिसली की ब्रेक, एकदा तर वाऱ्याने उडालेल्या टॉवेलसाठी तिने भर रस्त्यात गाडी थांबवली होती. नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

"बाई, काय झालं? बरं नाही का?" ती चपला फटफटवत आली.

"मी बरी आहे. गाडी बरी नाही." बाई क्षणभर घुटमळल्या. "आणि माझे कानही. आवाज येतोय म्हणे, मला येत नाही. तुझे कान मला उसने दे."

ब्रेकताईने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर पेशंट पाहिलेल्या नर्सची नजर होती ती. पण ती एवढंच म्हणाली, "द्या किल्ली."

ती स्टिअरिंगवर बसली, बाई शेजारी. गोदामांच्या मागचा रस्ता लांब, सरळ आणि मोकळा होता. पूर्वी पहिला धडा इथेच व्हायचा.

"वेग वाढव. हं. आला?"

"आला बाई! घूंऽऽ करतोय."

"आता क्लच दाब, गाडी नुसती जाऊ दे."

"तसाच आहे."

"म्हणजे इंजिन नाही. चाकाकडचंच काहीतरी आहे." बाईंच्या आवाजाला जुनी धार आली. "मागे बघ, कोणी आहे? नाही ना? आता हळूच डावीकडे घे. झोकांडी नको, झोका घ्यायचा."

गाडी डावीकडे झुकली. "वाढला!"

"आता उजवीकडे."

"अय्या, गेला! एकदम गेला बाई."

बाईंनी डोळे मिटले. डावीकडे वळलं की गाडीचा भार उजव्या अंगावर येतो. भार आला की ओरडतंय, म्हणजे दुखणं उजवीकडे. यजमान हेच कितीदा सांगायचे, आणि सांगताना स्वतःही खुर्चीत बसल्या बसल्या डावी-उजवीकडे झुकायचे. ते आठवून बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"रडताय का?" ब्रेकताईने विचारलं, आणि सवयीने ब्रेक दाबला.

"रस्त्याकडे बघ!" बाई ओरडल्या. त्यांचाही पाय जादा ब्रेकवर गेलाच होता.

घरी आल्यावर बाईंनी जुना गाऊन चढवला. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. आधी चारही टायरवरून तळवा फिरवला. टायर वेडावाकडा झिजला की हाताला करवतीसारखं लागतं आणि तोही असाच गुणगुणतो. पण टायर सारखे होते. मग उजवं पुढचं चाक जॅकने उचललं. जॅकचा दांडा दोघींनी मिळून फिरवला. दोघींचे गुडघे कुरकुरले. ब्रेकताई म्हणाली, "हा आवाज मात्र तुमच्या माझ्यातलाच आहे."

बाईंनी चाक वर-खाली धरून हलवून पाहिलं. घट्ट होतं. ब्रेकताईचा चेहरा पडला. "म्हणजे चुकलो आपण?"

"थांब गं. दुखणं नवं असलं की चाक हलत नाही." बाई खाली पसरलेल्या पोत्यावर बसल्या. चाकामागच्या जाड स्प्रिंगवर त्यांनी डाव्या हाताची बोटं ठेवली. "फिरव चाक."

चाक फिरलं. बाईंच्या बोटांना बारीक खरखर लागली. जात्यात खडा यावा तशी.

"थांबव. आता दुसऱ्या बाजूला."

डाव्या बाजूलाही तोच सगळा खटाटोप झाला. तिथली स्प्रिंग फिरत्या चाकाबरोबर मुकाट होती. बाई पुन्हा उजवीकडे गेल्या. पुन्हा हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"चाकाच्या आतलं बेअरिंग गेलंय," त्या म्हणाल्या. "उजवं, पुढचं."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही. कळलं."

गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी चाक उतरवलं, बेअरिंग काढून हातावर फिरवलं आणि मान हलवली. नवं घातलं. परत येताना ब्रेकताई गाडी चालवत होती. बाईंनी विचारलं, "आता?" ती म्हणाली, "चिडीचूप." रस्ता गोदामांवरूनच जात होता. गोदामांच्या जागी आता कुठे कुठे घरं झाली होती, आणि एका गच्चीवर कुणाची तरी दुलई वाळत होती.

त्या संध्याकाळी बाईंनी लेकीला फोन केला. बेअरिंगचं आधी सांगितलं, कानांचं नंतर.

लेकीने विचारलं, "आई, कधीपासून?"

"ते कळलं असतं तर सांगितलं नसतं का?"

लेक रागावली, मग रडली, मग डॉक्टरची वेळ घेतली. कानात बसवायचं यंत्र मिळालं. पहिले काही दिवस बाईंना भांड्यांचा खणखणाटसुद्धा अंगावर येतो असं वाटे. नंतर सवय झाली. पण डॉक्टरांनी एकटीने गाडी न चालवण्याबद्दल सांगितलं, आणि बाईंनी वाद घातला नाही. तो घालायची त्यांची किती इच्छा होती, हे फक्त त्यांनाच माहीत.

एका सकाळी त्या शेडमध्ये जाऊन गाडीत बसल्या. चालकाच्या जागी. गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून, काचेपलीकडच्या भिंतीकडे बघत बसून राहिल्या. घरात ओट्यावर ठेवलेला चहा निवून गेला असेल हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ब्रेकताईला फोन लावला.

"बुधवारी मोकळी आहेस का? बँकेत जायचंय. आणि येताना जरा लांबून येऊ."