शेजारच्या थडग्यातली हाडं

पांग मानसूच्या हाताला यश आहे, असं आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या गावांत बोललं जायचं. आता यश म्हणावं असा हा धंदा नव्हे. मानसू थडगी हलवायचा. कुणाचा आजोबा ओलीत झोपलाय, कुणाच्या पणजीच्या छातीत पाइनचं मूळ शिरलंय, कुणाच्या डोंगरातून सरकारी रस्ता जाणार आहे, की मानसूला बोलावणं यायचं. तो मातीत लोखंडी सळई खुपसायचा, बाहेर काढून तिचं टोक हुंगायचा आणि खाली माणूस आहे की नुसता खडक ते सांगायचा. हाडं लाकडी काड्यांनी उचलायची, दारूनं पुसायची आणि पांढऱ्या कागदावर कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत मांडायची. ती मांडणी बघायला घरची माणसं रडणं थांबवायची. पायाची बारीक बारीक हाडं तर तो गप्पा मारता मारता जागेवर लावी. मानसू माणूस उभा करतो, असं लोक म्हणत, आणि आपल्याला ऐकूच आलं नाही असं दाखवत तो सिगारेट पेटवी. नुसतं सोंग होतं ते. ऐकायला त्याला फार आवडायचं.

त्याचा गुन्हा या आवडीतूनच झाला, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यानं स्वतःची समजूत घालायला बरीच कारणं शोधली, पण त्यांत काही दम नव्हता.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अधिक महिना होता. अधिक महिन्यात देवांचं आणि भुताखेतांचं इकडे लक्ष नसतं, त्यामुळे मेलेल्यांना हात लावला तरी बाधत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्यात त्या वर्षी मागच्या डोंगरातून मोठा रस्ता निघालेला. सगळ्यांनाच आपापली थडगी महिनाभरात हलवायची होती. मानसूला जेवायला फुरसत नव्हती. आठवडाभर आधी खालच्या गावात एका थडग्यात काहीच निघालं नव्हतं. असं होतं. चिकण मातीत तीस-चाळीस वर्षांत हाडं पार विरघळून जातात. मग तिथली काळी पडलेली माती ओंजळभर घ्यायची, कागदात बांधायची आणि घरच्यांना तसं सांगायचं. तिलाच माणूस समजून नवीन जागी पुरतात, तिलाच दंडवत घालतात. यात कमीपणा काही नाही. पण त्या घरची थोरली सून फटकळ होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "शेतातली माती नाही ना बांधून आणलीत?" लोक हसले. मानसूही हसला, आणि ते हसणं आठवडाभर त्याच्या घशात अडकून राहिलं.

मग पामगोलच्या बाईंची पाळी आली. त्यांचं माहेर पामगोल, म्हणून गाव त्यांना त्याच नावानं ओळखायचं. साठीची विधवा. नवरा तरणाताठा असताना घाटापलीकडे लाकूडतोडीच्या कामावर अंगावर झाड पडून गेलेला. लग्नाला जेमतेम चार वर्षं झालेली, पदरात वर्षाचं पोर. पुन्हा लग्न कर म्हणून माहेरच्यांनी किती मागं लागावं, पण बाईंनी ऐकलं नाही. त्या दिवशी त्या धुतलेले कपडे घालून डोंगराच्या पायथ्याशी बसल्या होत्या. मुलगा योम जोंगहो शेजारी उभा. मानसू वर निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"मानसू, त्यांच्या हाताचं हाड वेगळं ओळखू येईल का रे? एकदा धरीन म्हणते."

"का नाही येणार, काकू? बोट न् बोट दाखवतो."

असं तोंडभर बोलून तो वर गेला. बरोबरच्या दोघांना त्यानं जेवायला पाठवलं आणि एकटा खणत राहिला. खाली काळी माती निघाली. दात नाही, नख नाही, काही नाही. त्यानं चाळून पाहिली, पुन्हा चाळून पाहिली. खाली बाई वाट बघत होत्या. आणि मानसूच्या कानात त्या फटकळ सुनेचं वाक्य वाजत होतं.

दहा पावलांवर, मुरमाड जागेत, एक खचलेलं थडगं होतं. त्याच्यापाशी तीन महिने सरकारी पाटी लागली होती, तरी कुणी वारस पुढे आला नव्हता. सकाळीच मानसूनं सवयीनं तिथे सळई घातली होती आणि खाली हाड आहे हे त्याला माहीत होतं. दुसऱ्याचं थडगं उघडताना आधी तीनदा हाक द्यायची असते, झोपलेल्याला उठवायचं असतं. त्यानं हाक दिली नाही. चोरासारखा खणत खड्ड्यात उतरला. हाडं निघाली ती सुरेख, पिवळसर, सगळीच्या सगळी. कमरेचं हाड हातात आलं तेव्हा मात्र त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. ही हाडं बाईची होती. या बाबतीत मानसूची चूक होणं शक्यच नव्हतं. तरीही त्यानं ती कागदावर मांडली, बांधली, तो खड्डा बुजवला आणि ती खाली आणली.

पामगोलच्या काकूंनी ओंजळ पुढे केली. मानसूनं त्यात उजव्या हाताची हाडं ठेवली. त्यांनी ती गालाला लावली आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "गार पडलेत रे." जोंगहो, चांगला बाप्या माणूस, तोंड फिरवून रडला. मानसूलाही रडू आलं. आपण एका दुःखी जिवाला सुख दिलं असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं, हे सगळ्यात वाईट. खरा नवरा वर उकरलेल्या मातीत तसाच पडला होता. चार आठवड्यांनी तिथे यंत्रं लागली.

नवीन जागा गावामागच्या टेकडीवर, दक्षिणेचं ऊन येणारी. काकूंनी शेजारी स्वतःसाठी रिकामं थडगं करून घेतलं. तशी पद्धतच आहे, म्हातारी माणसं आपली जागा धरून ठेवतात. दरवर्षी शरदाच्या सणाआधी थडग्यांवरचं गवत कापायचं असतं. मानसू कुणी न सांगता कापणीचं यंत्र घेऊन तिथे जायचा. काकू डब्यात भाताचे रोल आणि मुरलेल्या कोबीची किमची आणायच्या. त्याला वाढायच्या आणि थडग्याशी बोलत बसायच्या. अहो, जोंगहोला मुलगा झाला. अहो, लाल गाय व्यायली. अहो, मानसूनं बघा किती स्वच्छ कापलंय. मग बाजूच्या रिकाम्या उंचवट्यावर थाप मारून मानसूला सांगायच्या की चार वर्षांचा संसार झाला, उरलेला इथे करायचा आहे. मानसूच्या तोंडात घास फिरायचा. यंदा सांगू, असं तो दर सणाला ठरवायचा. पुढे बायको आजारी पडली म्हणून नाही, मग गुडघा दुखतो म्हणून नाही, मग काकूच आता थकल्या म्हणून नाही. भित्र्या माणसाला निमित्तांची कधी टंचाई पडत नाही.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. वसंतातला. जोंगहोच्या घराला वर्षभर साडेसाती लागल्यासारखी झाली होती. नातवाचा पाय ट्रॅक्टरखाली आला, दोन गायींचे गर्भ पडले, गोठ्याला आग लागली. शेवटी त्यानं शहरातून एक देवरुषीण आणली. ती टेकडीवर गेली, ढोल वाजला, आणि थडग्यापुढे नाचता नाचता ती एकाएकी थांबून कापायला लागली. बायकी, चिरक्या आवाजात म्हणाली की हे माझं घर नव्हे, मला इथे परक्याच्या नावानं हाका मारतात. एवढंच बोलून ती कोसळली.

मानसू गर्दीच्या मागे उभा होता. तो दोन पावलं मागे सरला. पण लोकांनी अर्थ निराळाच लावला. थडग्यात बाई कुठून आली? नवऱ्याला चिकटून आली असणार. लाकूडतोडीला महिना महिना घाटापलीकडे राहायचा, तिकडे कुणी ठेवलेली असणार, आणि मेल्यावर तिचा जीव त्याच्यामागं आला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघरी पोचली, आणि प्रत्येक घरात तिला थोडं तिखटमीठ लागलं. तिचं नाव काय, ती किती गोरी होती, हेसुद्धा काहींना कळलं होतं.

चौथ्या दिवशी जोंगहो मानसूकडे आला. त्याच्या आईनं जेवण टाकलं होतं. मेल्यावर मला जाळा, राख कुठंही फेका, पण त्यांच्याजवळ ठेवू नका, असं ती म्हणत होती.

"दादा, येत्या मंगळवारी थडगं उघडू," जोंगहो म्हणाला. "आत काय आहे ते तूच बघून सांग. तुझ्याएवढा विश्वासाचा माणूस मला दुसरा नाही."

विश्वासाचा माणूस मान खाली घालून बसून राहिला. उघडलं तरी जोंगहोला बाईमाणूस ओळखता येणार नव्हतं. सगळं ठीक आहे म्हणून पुन्हा झाकता आलं असतं. मानसूनं ते मनातल्या मनात दोन-तीनदा करूनही पाहिलं. मग तो उठला, जोंगहोला चल म्हणाला आणि त्याच्याच गाडीतून त्यांच्या घरी गेला.

पामगोलच्या काकू अंगणातल्या कट्ट्यावर रानभाजी निवडत बसल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या. चार दिवसांत चेहरा मुठीएवढा झाला होता. मानसूकडे न बघताच त्या बोलल्या.

"ये, मानसू. तुला ठाऊक असेल की. तुम्हाला म्हणे हाडांवरून सगळं कळतं. किती जणी होत्या, तेही कळतं का?"

मानसू कट्ट्याखाली मातीत गुडघ्यांवर बसला. "काकू, त्या बाईला त्यांनी आणलं नाही. मी आणलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. मधे थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबला नाही. काळी माती, शेजारचं थडगं, कमरेचं हाड. तुमची दया आली होती असंही त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि ते खोटं आहे हे ऐकू आल्यावर त्यानं तेही सुधारलं. लोक हसतील म्हणून केलं, असं म्हणाला.

काकूंच्या हातातली काडी तशीच राहिली होती. "म्हणजे ते तसे नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हते, काकू."

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तो मूर्ख माणूस क्षणभर सुटल्यासारखा झाला. त्याला वाटलं, झालं, निभावलं.

"पंचावन्न वर्षं," काकू म्हणाल्या. "वाकडा शब्द बोलले नव्हते त्यांना. हे चार दिवस रात्रंदिवस शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला. तुझ्यापायी." मग आपला तळहात उघडून त्या बघत राहिल्या. "तो हात तिचा होता?"

"हो."

"तिचं नाव काय?"

"माहीत नाही, काकू."

जोंगहोनं तोवर मानसूची गळपट्टी धरली होती. छप्पन्न वर्षांचा माणूस, पोरासारखा रडत होता आणि मारायला हात उचलत होता. मार बसला असता तर मानसूला बरं वाटलं असतं. पण काकू म्हणाल्या की सोड त्याला, आधी त्यांना कुठे टाकलं ते दाखवू दे.

तिघं गाडीनं निघाली. काकूंनी नैवेद्याला एक सुका मासा आणि तांदळाच्या दारूची बाटली मांडीवर घेतली होती. जुना डोंगर मधोमध कापलेला आहे. दोन्ही बाजूंना जाळ्या, मधून चार पदरी रस्ता, आणि मालाचे ट्रक अंगावर धूळ उडवत जातात. जोंगहोनं रस्त्याच्या कडेला गाडी लावली. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"कुठे?"

"इथेच, काकू. या उतारावर."

"नक्की कुठे ते सांग. ह्या बाजूला की पलीकडच्या?"

मानसूनं पाहिलं. डोंगराचा माथा नव्हता, झाडं नव्हती, ओढाही पाइपात घातला होता. खूण म्हणावं असं काही उरलं नव्हतं. माती भरावाला कुठे वाहून नेली होती देव जाणे. काकू त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, बावीस वर्षांपूर्वी पायथ्याशी बसून बघत होत्या तशाच. त्याचा हात आपोआप उचलला गेला. पलीकडच्या दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवलं असतं तर त्यांनी तिकडे तोंड करून दंडवत घातला असता, आणि घरी जाऊन दोन घास खाल्ले असते. एवढं सोपं होतं. मागेही एवढंच सोपं होतं.

त्यानं हात खाली घेतला. "माहीत नाही, काकू. खरंच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. मग मुलाकडे वळल्या. "मला जाळच. पण राख इथे आण. वाऱ्यानं जाईल तिकडे जाऊ दे, कुठेतरी गाठ पडेल. आणि टेकडीवर जी आहे तिला उठवू नकोस. एकदा उठवली तेवढं पुरे. गवत कापत जा तिचं."

"मी कापीन," मानसू म्हणाला.

"तू नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. मग बाटलीचं बूच काढता काढता त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जरा लांब जाऊन उभा राहा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

मानसू गाडीच्या पलीकडे, आणखी पन्नास पावलं, जाळी संपते तिथवर गेला आणि पाठ करून उभा राहिला. मागून ट्रक जात होते, त्यामुळे काकू काय बोलल्या ते त्याला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. थांबली तर बसू, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराचीही त्याला लाज वाटली. गाडी त्याच्या शेजारून पुढे निघून गेली.