गार इस्त्री

सासूबाई इस्त्रीवाल्या. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. ते बंद ठेवून त्या कधी नव्हे त्या आमच्याबरोबर संग्रहालयात आल्या, पण जीव सगळा घरी. विज्ञानाच्या दालनात हव्या त्या वस्तूला हात लावायची मुभा होती. धातूच्या गोळ्यावर हात ठेवताच लेकीचे केस ताठ उभे राहिले आणि हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सासूबाईंचं आपलं एकच, "इस्त्री बंद केली होती ना गं?"

"अहो आई, किती वेळा सांगू? केली होती!" शेवटी मी खेकसलेच.

पुढच्या दालनात गावाचा इतिहास मांडला होता. तिथे दोरीपलीकडे कोळशाची जुनी इस्त्री होती. सासूबाईंनी सवयीने बोट जिभेला लावलं आणि वाकून इस्त्रीला टेकवलं.

"ओ बाई, इथे हात नाही लावायचा!" रखवालदार ओरडला.

"गार आहे," असं म्हणून त्या बाकावर निवांत बसल्या, जणू घरचीच बघून आल्या.

हसू दाबायला मी तोंडावर बाही धरली, तर बाहीवर कडक घडी. हा कुडता सकाळी, सासूबाई चपला घालत असताना, मीच घाईघाईत इस्त्री केला होता.

"आई, उठा," मी म्हटलं. "घरी चला."