कृष्णविवर घेऊन धावड्याला

धावड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मामाने फोनवर हुकूम सोडला, "तू ते आभाळाचं काय करून राह्यलीस, ते पोरांना येऊन सांग." मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते. दूरच्या काही आकाशगंगांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू तापतो, एक्स-किरण सोडतो, आणि ते किरण कधी वाढतात, कधी मंदावतात. हे चढउतार मोजायचे, एवढाच माझा धंदा. म्हटलं, येते.

पुण्याहून जालना एसटीने सरळ. पुढे भोकरदनची गाडी धरा आणि तिथल्या स्टँडवर गरम भजी खाऊन घ्या. कारण धावड्याची काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि 'भरली' म्हणजे काय, ते चालक ठरवतो. भाडं किरकोळ, कमरेचा खर्च वेगळा.

शाळेच्या फळ्यावर मामाच्या सुरेख अक्षरात होतं: 'एक्स-रेवर व्याख्यान. पुण्याच्या डॉक्टर येणार.' मी अजून कसलीच डॉक्टर नव्हते. वर्गात पोरांपेक्षा म्हातारी माणसं जास्त, आणि प्रत्येकाच्या काखेत मोठं पाकीट. गुडघे, मणके, छात्या.

"मी ती डॉक्टर नाही हो," मी म्हणाले.

"मंग कोणती?" पुढे बसलेल्या सोजरबाईंनी विचारलं. शेजारी त्यांचे मालक खोकत होते. त्यांच्या छातीचे दोन फोटो बाईंनी माझ्या हातात कोंबले, एक जुना, एक ताजा. "टीबीच्या गोळ्या चालू होत्या. बरं वाटलं, मंग देल्या सोडून."

दोन्ही फोटो खिडकीशी धरले. फुप्फुसातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कालचं आजच्या शेजारी ठेवून काय बदललं ते बघणं, हेच तर मी रोज करते. ताज्या फोटोतला पांढरा डाग मोठा झाला होता. आकाशगंगेत असा बदल दिसला की मी सगळ्यांना चहा पाजते. इथे फोटो पुन्हा पाकिटात सरकवले.

"मावशी, मला यातलं कळत नाही. पण फरक पडलाय. उद्या जालन्याला चला, मी येते सोबत."

व्याख्यान बारगळलं. मामा रुसला. मामीने मात्र येसरची आमटी वाढताना हात आखडला नाही.

सकाळच्या गाडीत सोजरबाईंनी विचारलं, "तुमचा पेशंट कोण मंग?"

मी सगळं सांगितलं. किती दूर, किती जुनं.

"त्याला वाचवायचं कसं?"

"वाचवायचं नाही. नुसतं बघायचं."

त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं आणि अर्धी भाकरी दिली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थुंकी तपासली, नवा फोटो काढला. टीबी उलटला होता. "बरा होईल. पण या खेपेला गोळ्या सोडायच्या नाहीत."

मालक म्हणाले, "सोडतो कशाचा? ही सोडू देती व्हय?"

पुण्याला परतल्यावर गाईडने व्याख्यानाचं विचारलं. झालंच नाही, मी म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी मामाने आईला फोनवर कळवलं की म्हातारा पुन्हा शेतात जातो आणि बायकोशी दणकून भांडतो. मी घरी पोचले तर आईने कौतुकाने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"एवढी वर्षं शिकलीस, शेवटी उपयोग झाला बाई."

माझा पहिला शोधनिबंध त्याच दिवशी स्वीकारला गेला होता. तेच सांगायला आले होते. म्हटलं, राहू दे.